टाचणवही मागायला आलेल्या ताईंना अनावृत पत्र

ताई,

परवा दुपारी तुम्ही माझ्या दुकानात आलात आणि "पाठ टाचण वही आहे का?" असं विचारलंत. मी काही न बोलता शिडी लावून माळ्यावर चढलो, ते तुम्हाला चमत्कारिक वाटलं असणार. पण त्या वह्या खाली ठेवणं मी कधीच सोडून दिलंय. धूळ तुमच्यासमोरच झटकावी लागली, त्याबद्दल माफी असावी. याच दुकानातून २०१० साली मी माझी पहिली टाचणवही घेतली, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत होती. त्या रांगेतला मी आज गल्ल्यामागे बसतो. यालाच बहुधा प्रगती म्हणतात.

तुम्ही डी.एड.ला प्रवेश घेतलात, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. (आता त्याला डी.एल.एड. म्हणायचं असतं. मधल्या काळात डी.टी.एड.ही म्हणून झालं. भरती निघाली नाही तरी नाव मात्र नियमितपणे बदलत आलंय.) निर्णय शहाणपणाचा आहे, निदान माझ्या धंद्याच्या दृष्टीनं तरी. वकिलाला अशील सोडून जातं, डॉक्टरकडचा पेशंट बरा होतो. झेरॉक्सवाल्याचं भावी शिक्षक हे एकच गिऱ्हाईक असं, की ते बारा-पंधरा वर्षं हमखास येत राहतं. आधी टाचणवही, निरीक्षण वही, कार्डशीट, स्केचपेन. मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अर्ज, गाईड, प्रश्नसंच. मग टेटचा अर्ज, पुन्हा गाईड. आणि सगळ्यात शेवटी कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती, तीन संच.

पण वहीबद्दल दोन शब्द. तीत शिक्षक कृती, विद्यार्थी कृती आणि फलकलेखन असे रकाने आहेत. विद्यार्थी काय उत्तर देणार, हे तुम्ही आदल्या रात्री घरी बसून लिहायचं. मूल तुम्ही अजून पाहिलेलं नसतं, पण त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं. प्रस्तावनेचे प्रश्न विचारायचे, मुलांनी लिहिल्याबरहुकूम उत्तरं द्यायची आणि शेवटच्या उत्तराचा धागा पकडून हेतुकथन करायचं, "तर मुलांनो, आज आपण अमुक अमुक शिकणार आहोत." हेतुकथनाआधी विषय उघड करायचा नाही. लग्नात अंतरपाट धरतात ना, तसंच.

माझा चौथीचा गणिताचा सरावपाठ होता, घटक अपूर्णांक. साधन म्हणून घरून ज्वारीची भाकरी नेली होती, फडक्यात बांधून. मार्गदर्शक सर मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून बसलेले, वर्गाचे गुरुजी दारात उभे. मी भाकरी वर धरली आणि विचारलं, "ही चार जणांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती मिळेल?" रकान्यात उत्तर होतं : पाव भाकरी.

दुसऱ्या ओळीतलं एक पोरगं उठलं. "आमच्यात सहा माणसं हायती, गुरुजी."

मी म्हटलं, चार समज.

"पर आय वाटून घेत न्हाय. ती मागनं जेवती."

झालं. वर्ग त्या भाकरीवर तुटून पडला. आजी धरायची की नाही, तिला दात नाहीत. कुत्र्याला टाकतात तो तुकडा हिशोबात घ्यायचा का? एकीनं येऊन माझ्या हातातली भाकरी घेतली, मोडून तिचे सहा भाग केले आणि तुकडा निरखून म्हणाली, "चारापेक्षा सहा मोठं, पर तुकडा तर बारका झाला की वो." आता अपूर्णांकात पोरांची गाडी नेमकी इथंच अडते. सहा हा चारापेक्षा मोठा, म्हणून एक षष्ठांशही मोठा, असं त्यांना वाटत राहतं. या पोरीनं ती गाठ फळ्याला खडू लागायच्या आत सोडवली होती. मला मात्र घाम फुटला होता, कारण हेतुकथन व्हायचं होतं आणि तास संपला होता. भाकरीही संपली होती.

शेरा असा मिळाला : "हेतुकथन नाही. विद्यार्थ्यांची उत्तरे टाचणाप्रमाणे नाहीत. वर्गनियंत्रण सुधारावे." पंचवीसपैकी अकरा.

सूक्ष्म अध्यापनात तुम्हाला हा त्रास नाही. तिथं तुमच्याच मैत्रिणी सहा मिनिटांसाठी तिसरीतल्या मुली होतात आणि टाचणात लिहिलेलं उत्तर हात वर करून देतात. तुम्ही "शाब्बास" म्हणायचं, की प्रबलन कौशल्य पूर्ण.

पुढचं थोडक्यात सांगतो. माझी पदविका संपली २०१२ साली. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारनं शिक्षकभरतीच थांबवली. माझी वाट पाहून थांबवली असं मी म्हणत नाही, पण वेळ अचूक साधली. मग २०१३च्या डिसेंबरात राज्यातली पहिली टीईटी आली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या गटाला पास व्हायला नव्वद. मी दुसऱ्या वर्षी पास झालो. प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं, म्हणजे ते २०२१च्या आसपास मरणार होतं. पण नेमकं त्याच वर्षी त्याला आजन्म वैधता मिळाली. आता ते मला पुरून उरेल. त्याच वर्षाच्या शेवटी काहींनी टीईटीचे गुण अभ्यासाऐवजी पैशानं मिळवल्याचं उघड झालं आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवार बाद झाले. तेव्हा बायको म्हणाली, तुमचं प्रमाणपत्र खरं आहे हे आता लोकांना सांगत फिरा.

टीईटी पास झाली की शिक्षक होता येतं, असं समजू नका. त्यानं फक्त टेटला, म्हणजे अभियोग्यता चाचणीला, बसता येतं. तिथं दोनशे प्रश्न, दोन तास. सहा मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत, अ हा ब च्या डावीकडे, क हा ड च्या समोर, तर फ च्या उजवीकडे कोण? पहिलीची सहा पोरं जिथं बसवली तिथं बसून राहिलेली एकदा तरी बघावीत, एवढीच माझी इच्छा आहे. ही चाचणी २०१७ला झाली, नंतर २०२३ला, मग २०२५ला. नोकरीचं वय मात्र दर वर्षी एकानं वाढतं. भरतीच्या पोर्टलचं नाव 'पवित्र'. ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळवलंय आणि त्याचा मथितार्थ 'सर्वांना दिसणारी शिक्षकभरती' असा आहे. यात खोटं काहीच नाही. २०१९ साली पहिली यादी लागली, ती मलाही दिसली.

आणि समजा, लागलात. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन पूर्वी महिना सहा हजार होतं, २०२३पासून सोळा हजार झालंय. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच इतर कामं द्यायची मुभा आहे. एवढीच! बाकी खिचडीचा तांदूळ मोजणं आणि पोर्टलवर माहिती भरणं हे अध्यापनाचंच अंग असावं.

घरचे म्हणतील, पदविका कशाला, सरळ पदवी घे. तर बी.एड. करून पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली स्पष्ट केलं. तेवढ्यापुरता तुमच्या वहीचा भाव वधारला. पण नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच किमान पात्रता व्हायची आहे. म्हणजे तुम्ही दोन वर्षं शिकाल, परीक्षांत दोन-तीन वर्षं घालवाल आणि पोहोचेपर्यंत उंबरठा उंच झालेला असेल. चार वर्षांच्या टाचणवह्यांसाठी मी घाऊक व्यापाऱ्याकडे आत्ताच चौकशी करून ठेवली आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या महिन्यात संध्याकाळी एक वयस्क गृहस्थ दुकानात आले, टोपी काढून घाम पुसला आणि टीईटीचं गाईड मागितलं. मी ओळखलं. माझ्या सरावपाठाला दारात उभे असलेले तेच गुरुजी. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली आहेत अशा नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ला दिला, त्यात ते सापडले. पंचवीस वर्षं शिकवून झाल्यावर आता ते बालमानसशास्त्राच्या प्रश्नसंचाला लागले आहेत.

त्यांनी काउंटरवरच गाईड उघडून गणिताचं पान काढलं. 'अपूर्णांक शिकवताना सर्वांत योग्य साधन कोणते?' असा प्रश्न होता, खाली चार पर्याय. चष्मा वर करून त्यांनी चारही वाचले, मग पुन्हा वाचले.

"अरे, यात भाकरी न्हाय की," ते म्हणाले.

मी त्यांना दहा टक्के सूट दिली.

आपला,
झेरॉक्सवाला
(भावी शिक्षक, २०१२पासून)

ता. क. : तुम्ही नेलेली वही जुन्या छपाईची आहे. तीत 'विद्यार्थी कृती'चा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद आहे. पुरत नसेल तर परत आणा, कोरी वही बदलून देईन. रेघा तुमच्या तुम्ही मारा.