बारशाची गोधडी : बालकारागिरांसह शिवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवू नये, असा बऱ्याच मराठी घरांत रिवाज आहे. बारसं बाराव्या दिवशी करावं, असाही आहे. या दोन रिवाजांच्या मधल्या फटीत जे दिवस सापडतात, तेवढ्यात घरी शिवलेली भेट तयार करावी लागते. मावशीला बाळ झाल्याचा फोन येतो आणि घरातली सात वर्षांची थोरली व चार वर्षांचा धाकटा एका सुरात जाहीर करतात, ‘‘बाळाला आम्ही आमच्या हातांनी शिवून देणार!’’ सुज्ञ पालकाने अशा वेळी ‘बघू’ म्हणावं आणि स्वयंपाकघरात निघून जावं. ज्यांच्या तोंडून ‘अरे वा!’ निघून गेलं आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

काय शिवावं

झबल्याला तीन भोकं लागतात : दोन हातांसाठी, एक डोक्यासाठी. आपल्या कारागिरांच्या हातून हा आकडा कमी-जास्त होण्याचा संभव असल्याने झबलं बाद. टोपऱ्याला बाळाच्या डोक्याचं माप लागतं, आणि माप घ्यायला कारागिरांना बाळंतिणीच्या खोलीत टेप घेऊन पाठवणं इष्ट नाही. कुंचीला खणाचं कापड, चुण्या आणि मुत्सद्देगिरी लागते. बाळाची आत्या बारशाला काय आणणार आहे याचा अंदाज न घेता कुंचीला हात घातला, तर पुढची काही वर्षं त्या कुंचीचाच विषय निघतो.

उरते ती गोधडी. गोधडीला एकच टाका येतो, धावदोरा. सुई खाली, सुई वर. तो सरळ गेला तर शिवण म्हणायची, वाकडा गेला तर नक्षी. चुकण्याची इतकी सोय दुसऱ्या कुठल्याच शिवणकामात नाही.

कापड मिळवणे

नव्या कापडाला खळ असते आणि ते तान्ह्या अंगाला टोचतं. म्हणून गोधडीला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडंच हवं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. तान्ह्या बाळाच्या गोधडीला एक वार लांबी पुरते, पन्हा आहे तेवढाच ठेवावा. चार पदर घ्यायचे, म्हणजे चार वार.

लुगडं असतं सासूबाईंचं आणि बाळ असतं सुनेच्या बहिणीचं, ही या प्रकल्पातली मुख्य तांत्रिक अडचण होय. ‘‘आई, जुनं लुगडं द्याल का?’’ असं थेट विचारू नये. ‘‘आई, तुमच्या लुगड्यांसारखं मऊ सूत आता बघायलाही मिळत नाही,’’ एवढं म्हणून गप्प बसावं. संध्याकाळपर्यंत लुगडं बाहेर येतं. तोवर पलीकडच्या आजीनेही आपलं एक धुऊन, वाळवून तयार ठेवलेलं असतं. अशा वेळी दोन पदर या आजीचे व दोन त्या आजीचे घ्यावेत. कुणाचं वर नि कुणाचं खाली, या प्रश्नात पालकांनी पडू नये. गोधडीला सुलट-उलट नसते, हे दोघींनाही वेगवेगळं सांगावं.

मनुष्यबळ व कायदा

बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा मात्र आहे. म्हणून कारागिरांच्या बाबतीत ‘काम’ हा शब्द वापरू नये, ‘मदत’ म्हणावं. ही मदत झाल्यावर काम किती पटींनी वाढतं, याबद्दल कायदा मौन पाळून आहे. मोबदला म्हणून चॉकलेट दिल्यास मदतीचं काम होतं, आणि दुसऱ्या दिवशी दर वाढवून मागितला जातो.

थोरलीला सुई मिळेल असं तिला वाटतं, पण तिचा खरा कल मुकादमकीकडे असतो. ‘‘तू असं नाही करायचं, आईने सांगितलंय,’’ हे वाक्य ती आईने काही सांगण्याआधीच म्हणते. धाकट्याला सगळं हवं असतं : सुई, कातर, लाल रीळ आणि मुख्य म्हणजे ताईच्या हातात जे असेल ते. दोघांना सारख्याच रंगाचा दोरा द्यावा. इथे काटकसर करून एक लाल आणि एक निळा आणला, तर अख्खा रविवार त्यात जातो. घरातल्या बाबांकडे सुया ओवण्याचं खातं द्यावं. चाळिशी लागलेल्या बाबांना हे खातं दिल्यास दोरा प्रत्येक वेळी चाटावा लागतो, आणि ते बघून दोन्ही कारागीर आपापले दोरे चाटायला लागतात.

हत्यारं

हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढत गेला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईचा वाढला की जाड होते. दुकानात जाताना हे लक्षात ठेवावं, नाहीतर मुलांसाठी मोठा नंबर सोयीचा असेल म्हणून आणलेली सुई मोठ्यांनाही दिसत नाही. धाकट्याला बोथट टोकाची आणि राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्याएवढं नेढं असलेली सुई मिळाली तर उत्तम. दोरा हातभरच घ्यावा. त्याहून लांब घेतला की तो प्रथम स्वतःत गुंततो, मग खुर्चीच्या पायात आणि शेवटी आजीच्या जपमाळेत.

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून नोंदवहीत चिकटवतात, मगच नवी सुई हातात पडते. आपल्या कारखान्यातही सुया मोजून द्याव्यात, मोजून घ्याव्यात. हरवलेली सुई हाताने चाचपत बसू नये. फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून फरशीवर, सतरंजीवर आणि सोफ्याच्या फटींतून फिरवावं. त्यात सुईखेरीज एक हेअरपिन आणि मागच्या दिवाळीत हरवलेली कपाटाची किल्लीही सापडू शकते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

‘‘एवढ्याशा पोरांच्या हातात सुई?’’ असं शेजारी विचारतात. त्यांच्यासाठी इतिहास तयार ठेवावा. किंडरगार्टनचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली. त्याच्या पद्धतीत पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांतून दोरा ओवणं हा मुलांचा रीतसर उद्योग होता. (हा उद्योग आजही कामाला येतो. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दाभणाने भोकं पाडून लोकर ओवायला दिली, की धाकटा गोधडीपासून निदान अर्धा तास लांब राहतो.) नंतर वर्ध्याकडे वळावं. तिथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च काही अंशी तरी भागावा, अशी त्यात अपेक्षा होती. आपल्या कारखान्याचा ताळेबंद मात्र शेजाऱ्यांना दाखवू नये. त्यात दोन लुगडी, चार रिळं आणि ‘कातर चालते का ते बघत होतो’ या सदराखाली एक चांगली चादर खर्ची पडलेली असते.

प्रत्यक्ष कृती

१. धुऊन कडक उन्हात वाळवलेले चार पदर फरशीवर एकावर एक नीट अंथरावेत. धाकटा दुसऱ्या आणि तिसऱ्या पदराच्या मध्ये शिरतो. त्याला बाहेर काढून पुन्हा अंथरावेत.

२. पदर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घालावेत. कच्चे टाके नंतर काढायचे असतात. थोरलीला हे कळलं की ती विचारते, ‘‘मग घालायचे कशाला?’’ या प्रश्नाला आजवर कुणीही सात वर्षांच्या मुलीचं समाधान होईल असं उत्तर दिलेलं नाही.

३. अंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी घेऊन रेघा आखाव्यात. शिंपीही आखतात आणि धुतल्यावर रेघ निघून जाते. कारागिरांना चिपटी देताना गोधडी कुठे संपते नि भिंत कुठे सुरू होते, हे आधीच दाखवावं.

४. शिवण मध्याकडून काठाकडे न्यावी, म्हणजे कापडाला झोल येत नाही. गोधडी मांडीवर घेऊन शिवू देऊ नये. मांडीवर शिवलेली गोधडी उचलताना तिच्याबरोबर थोरलीचा फ्रॉकही वर येतो, कारण दोन्ही आता एकाच टाक्यात असतात. पाटावर ठेवून शिवावी. पाट कुणाला शिवता येत नाही.

५. ठिगळांचे आकार कारागिरांना ठरवू द्यावेत. थोरली फूल कापते, धाकटा जेसीबी. बाळ मुलगी आहे, असं त्याला सांगून काही उपयोग होत नाही. ‘‘मग ती चालवेल,’’ असं तो म्हणतो आणि विषय संपतो.

६. टिकल्या, मणी, बटणं, घुंगरू यांना सक्त मनाई आहे. तान्हं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. कारागिरांचा जीव नेमका याच चार वस्तूंवर असतो. त्यांना जाड कागदाचं शुभेच्छापत्र आणि फेव्हिकॉल देऊन दुसऱ्या खोलीत बसवावं. पत्रावर टिकल्या पुष्कळ लागतात. उरलेला फेव्हिकॉल तळहाताला फासून, वाळल्यावर त्याची साल सोलण्यात बाकीची दुपार जाते आणि तेवढ्यात दोन ओळी शिवून होतात.

७. कड दुमडायला पायमशीन वापरलं तर चालेल. मशीनचं चाक आपल्याकडे फिरवायचं असतं. ‘मी फिरवतो’ म्हणणारा नेहमी उलटं फिरवतो, दोरा खाली बॉबिनपाशी गोळा होतो आणि मशीन गप्प होतं. त्या वेळी कुणी कुणाला ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणू नये.

रात्रीची पाळी

गोधडीला सगळ्यात मोठा धोका सुईपासून नसतो, मोठ्या माणसांपासून असतो. रात्री साडेदहाला मुलं झोपतात. कुणीतरी दिवा लावतं, गोधडी उलगडतं आणि म्हणतं, ‘‘एवढी एकच ओळ जरा नीट करते.’’ कातरीच्या टोकाने तीन टाके उसवले जातात. मग शेजारची ओळ वाकडी दिसू लागते. मध्यरात्री गोधडी सरळ होते, सुंदर होते, आणि त्यात मुलांचं काही म्हणजे काही राहत नाही. शाळेच्या कार्यानुभवाच्या वह्या भरून आपला हात इतका बसलेला असतो, की आपण कुणाचा अभ्यास करतोय हेही लक्षात येत नाही.

उसवण्याचा मोह झालाच, तर त्याचे परिणाम आधी वाचावेत. एक : धाकट्याला ‘अ’ काढता येत नसेल, पण आपला टाका कुठे आहे ते त्याला अंधारातही कळतं. सकाळी तो तिथेच बोट ठेवून विचारतो, ‘‘माझा कुठे गेला?’’ दोन : बारशाला जमलेल्या काकू गोधडी हातात घेऊन म्हणतात, ‘‘अय्या, अगदी विकत आणल्यासारखी!’’ आपल्याकडे हातच्या वस्तूचं याहून मोठं कौतुक नाही, आणि बारा दिवस राबलेल्या घराला याहून मोठी थप्पड नाही. लगेच दुसऱ्या काकू विचारतात, ‘‘कितीला पडली?’’ तीन : बाजारात हातशिलाईच्या गोधडीला मशीनच्या गोधडीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. म्हणजे तिथे गिऱ्हाईक ज्या वाकडेपणाला पैसे मोजतं, तो आपण घरी बसून, डोळे फोडून, फुकट काढून टाकत असतो.

म्हणून रात्रीच्या पाळीला तीनच कामं करावीत. सुटलेली गाठ पक्की मारावी, लोंबणारा दोरा कापावा, आणि लोहचुंबक पूर्ण गोधडीवरून दोन्ही बाजूंनी फिरवावं. नंतर दिवा मालवावा. ज्यांना हे अशक्य वाटतं, त्यांनी कातर शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यावी.

भेट देताना

गोधडी द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा धुवावी. लुगड्याचा रंग गेला तर तो आत्ताच गेलेला बरा. बाळाला गोधडीवर निजवावं. झोपेत ती तोंडावर येईल अशी पांघरू नये, हे मावशीला आवर्जून सांगावं. बारशात भाषण करायचं नाही, असं कारागिरांना बजावलं तरी ते होतंच : ‘‘हा टाका माझा, हा ताईचा, हा पण माझा, हा आईने करायचा प्रयत्न केला.’’

घेणाऱ्याचीही काही कर्तव्यं आहेत. ‘‘इतकी छान आहे, जपून ठेवते हं,’’ असं म्हणून गोधडी कपाटात ठेवणं हा कारागिरांचा अपमान समजला जातो. ती त्याच दिवशी पाळण्यात गेली पाहिजे. बाळाने ती संध्याकाळच्या आत ओली केली, की भेट पोचल्याची पावती मिळाली असं समजावं.

उरलेल्या कापडाची विल्हेवाट

इथे बहुतेक पालक बेसावध असतात. दोन लुगड्यांचे मिळून अठरा वार. चार गोधडीला गेले, दोन आखणीत आणि कातरीच्या सरावात गेले. शिल्लक बारा. कारागीर बेरीज-वजाबाकी शाळेत चुकवत असतील, इथे चुकवत नाहीत. बारशाहून परत येईपर्यंत त्यांना बातमी लागलेली असते की, जिन्याखाली कुत्रीला तीन पिल्लं झाली आहेत. एका गोधडीला चार वार. पालकांनी या वेळी ‘अरे वा’ म्हणू नये. अर्थात ‘बघू’ म्हणूनही काही होणार नाही, कारण बाबा आधीच सुई ओवायला बसलेले असतात.