लिंबाखालची फियाट

पूर्णा तालुक्यातल्या आमच्या ताडकळसात जुन्या वस्तूला मान मिळायचा तर एकच अट असते, ती चालू पाहिजे. बंद पडलेली वस्तू कितीही दुर्मीळ असो, चार दिवसांत तिच्यावर कोंबड्या बसू लागतात. काकांची १९६८ सालची फियाट या नियमाला अपवाद नाही. ती चालू असली की ‘मालकाची मोटार’, बंद पडली की ‘लिंबाखालचं ते’.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. १९७४ पासून हीच ‘पद्मिनी’ म्हणून विकली गेली आणि मुंबईत टॅक्सी होऊन राबराब राबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा पेपरांनी भरभरून हळहळ छापली. आमच्या उस्तादांनी ती बातमी अगदी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “मग भंगारात डेल्को स्वस्त झाला असंल की.”

उस्ताद म्हणजे फियाटचे तज्ज्ञ वगैरे नव्हेत. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विहिरीवरचं इंजिन, जे खोलता येतं ते सगळं त्यांच्या हद्दीत. शहरात असल्या गाडीला अँटिक म्हणतात आणि ओरिजिनल नटबोल्टासाठी जीव टाकतात. उस्तादांना त्याचं काही कौतुक नाही. किंगपिनचे बुश झिजले, तर परभणीच्या लेथवाल्याकडून वळवून घ्यायचे. पॅकिंग मिळालं नाही, तर शीट आणून कात्रीनं कापायचं आणि छिद्रं हातोडीनं ठोकून पाडायची. कंपनीचं पुस्तक इटलीत राहिलं असेल. इथं पुस्तक म्हणजे उस्तादांचा कान.

मे महिन्यात तो कान फार उपयोगी पडतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर चढला, की फियाट चौकापर्यंत जाते, दोन आचके देते आणि गप्प बसते. आपण सेल्फ मारून बॅटरी उतरवून ठेवतो. उस्ताद येतात, बॉनेट उघडतात आणि कशालाही हात न लावता सांगतात, “मालक, गाडीत काही नाही. पेट्रोल उकळायलंय.” इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ओढायला पातळ काही उरतच नाही. उपाय काय, तर खांद्यावरचा गमछा हापशावर भिजवायचा आणि एसी पंपावर गुंडाळायचा. मग चहा. चहा हा उपचाराचाच भाग आहे, कारण पंप निवायला तेवढाच वेळ लागतो. घोळक्यातला कुणीतरी दरवेळी विचारतो, “विकायची का?” काका ऐकत नाहीत.

चहा संपेपर्यंत उस्तादांचे हात रिकामे नसतात. एक प्लग काढतात, पॉलिश पेपरनं घासतात आणि फटीत हॅक्सॉचं तुटकं पान सरकवून बघतात. फट हवी साधारण ०.६ मिलिमीटर, पानाची जाडीही जवळपास तेवढीच. फीलर गेज त्यांच्याकडे आहे. ते डब्यात जपून ठेवलेलं आहे.

अलीकडे मात्र एक नवीनच दुखणं लागलंय. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा डायफ्रॅम फुगतो, नळ्या मऊ पडतात. गंमत अशी की काकांचं निम्मं वावर उसाचं. आपलाच ऊस कारखान्यावर जातो, त्याच्या मळीचं इथेनॉल होतं आणि ते परत येऊन आपल्याच डायफ्रॅमवर उठतं. काकांना हे समजावून सांगितलं, तर म्हणाले, “उसाचं बिल आलं की डायफ्रॅम आणू.” बिल आणि डायफ्रॅम, दोन्ही वाटेवरच असतात.

पुतण्यानं मोबाइलवर शोधून काढलं, की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं वेगळा नियम केलाय. वीस हजार भरले, की नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन मूळचंच पाहिजे. आमच्या भागात पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जिपांना आणि अॅम्बॅसॅडरांना लोकांनी डिझेल इंजिनं बसवली, त्या तिथंच बाद. आमची फियाट बसते नियमात. तिचं इंजिन बदलायला कुणाकडे पैसेच नव्हते.

पुतण्या पुढं वाचू लागला. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येईल.

उस्तादांनी पान्यावरून मान वर केली. “पेट्रोल आणि दुरुस्ती? मग आपण इतकी वर्षं दुसरं काय करायलोत? घेऊन टाका नंबर,” ते म्हणाले. “पण त्याच्या आधी नांदेडला कोण जायलंय बघा. डायफ्रॅम पाहिजे, दोन आणा म्हणावं.”