न ठरवता येणाऱ्यांचा शनिवार

‘आपलं काही ठरलेलं नसतं, गाडी काढायची अन् सुटायचं!’ असं म्हणणारी मंडळी शनिवारी परतवाड्याहून घाट चढून मेळघाटातल्या सेमाडोहला उतरतात. सिपना नदीकाठच्या वन खात्याच्या संकुलातल्या खोल्या तोवर भरलेल्या असतात. ‘बुकिंग असन तं दाखवा, साहेब,’ एवढंच काउंटरवरचा म्हणतो आणि मुक्त भटक्याचा क्षणात जागरूक करदाता होतो. मग ओळखी निघतात. साळ्याचा मित्र मंत्रालयात असतो; फोनला मात्र रेंज नसते.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव व्याघ्रक्षेत्रांत मेळघाट होतं. इथे परवानगीविना हिंडायची मुभा वाघाला. तो ठरल्या वेळी दिसला नाही, ही तक्रारही याच मंडळींची.

अखेर चहाच्या टपरीवर पिठलं-भाकरी मिळते, पडवीत सतरंजीही. टपरीवाल्यानं सकाळीच दोन किलो जास्तीचं बेसन आणलेलं असतं; ‘अचानक’ येणारे शनिवारी किती, याचा त्याचा हिशेब पक्का.

सोमवारी ऑफिसात ऐकवलं जातं, ‘प्लॅन नव्हता, सगळं आपोआप जमलं!’ त्या आपोआपच्या बिलात वीस रुपये कमी करून घेतल्याचं तेवढं सांगायचं राहतं.