दारातला आशिया चषक

महिला फुटबॉलचा आशिया चषक २०२२च्या जानेवारीत नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीत आला, तेव्हा इथल्या चाहत्यांची सोय उत्तम झाली: स्टेडियम घराजवळ, प्रवेश बंद, सामना टीव्हीवर. कोरोनाचे दिवस, तक्रार करणार कोणाकडे?

यजमान भारताने इराणशी ०-० बरोबरी केली. चिनी तैपेईविरुद्धच्या पुढच्या सामन्यापर्यंत संघात लागण पसरून तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. भारत बाद. नियमाप्रमाणे ती बरोबरीही रद्दबातल ठरली. म्हणजे चाहत्यांनी नव्वद मिनिटं डोळे ताणून जे पाहिलं, ते घडलंच नव्हतं!

उरली परक्यांची फायनल. तीत दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं.

जुलै २०२५मध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताने थायलंडला २-१ नमवून २०२६च्या स्पर्धेत जागा मिळवली. या वेळी प्रेक्षकांना प्रवेश. स्पर्धा फक्त ऑस्ट्रेलियात.