पक्क्या रंगाची कुपी

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून जो तोतया प्रकट झाला, त्याची रुजुवात करता करता पुणे दरबाराची काही वर्षे खर्ची पडली; आणि जेरूसलेमच्या जुन्या पेठेत दोन हजार वर्षांपूर्वीच्या म्हणून मांडलेल्या दोन रोमन अत्तरकुप्यांचा फैसला मी मात्र अर्ध्या घटकेत करून मोकळा झालो.

सोबत माझा रेवदंड्याचा शाळूसोबती होता. हा बेने इस्रायली; तिकडे स्थायिक होऊन तीस वर्षे लोटली तरी भांडतो अजून मराठीतच. फुंकून काच घडविण्याची विद्या इ. स. पूर्व पहिल्या शतकात याच मुलखात जन्मली आणि त्या पहिल्या प्रयत्नांचे भंगार खुद्द या शहराच्या उत्खननात सापडले आहे, हे त्याने वाटेतच ऐकविले होते. परंतु जुन्या काचेवरील मोरपिशी तेजाविषयी तो तोंड उघडणार तोच मी त्याला थांबविले, कारण ज्या घराण्यात तीन पिढ्या लुगडी पदर भिजवून पारखली गेली, त्यातल्या पुरुषाला रंगाबद्दल कोणी शिकवावे, हे मला प्रशस्त वाटेना.

मी हातरुमालाचे टोक ओले करून पहिल्या कुपीच्या खांद्यावर फिरविले. निळेजांभळे तेज तत्काळ मावळले, आणि अभ्रकाचा सुटावा तसा एक पापुद्रा माझ्या अंगठ्याला चिकटून आला. दुसरीवर तोच प्रयोग केला. तिचा रंग तसूभर हलला नाही. मी पहिली तुच्छतेने परत केली आणि दुसरीचे दाम, मागितले तेवढे, मोजले. दुकानदाराने पहिली ज्या लगबगीने माझ्या हातून काढून घेतली, ती मी त्याची शरम समजलो.

"गाढवा," बाहेर पडताच मित्र म्हणाला, "ओल लागली की तो रंग जायलाच हवा! शेकडो वर्षं दमट मातीत पडून काचेतला क्षार झिरपून जातो, मागे नुसते पापुद्रे उरतात. त्यांच्या फटींत हवा असते म्हणून उजेड फाकतो नि रंग दिसतो. पाणी शिरलं, रंग गेला. वाळलं, परत आला. तुझ्या कुपीला भट्टीतच धातूच्या क्षारांची वाफ दिलेली असणार. तो रंग तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकेल."

"मग आधी का नाही बोललास?"

"बोलू दिलंस?"

पुराणवस्तू परवान्यावाचून बाहेर नेण्यास त्या देशात सक्त मनाई आहे, आणि परवाना माझ्याजवळ नव्हता. एरवी ज्या कायद्याच्या नुसत्या स्मरणाने माझी गाळण उडाली असती, त्याच्याकडे मी आता अखेरच्या अपिलाच्या आशेने पाहत होतो. विमानतळावर कुपी स्वतःहून काढून मी अंमलदारापुढे ठेवली. ती जप्त व्हावी, रीतसर पंचनामा व्हावा, वाटल्यास मला चार माणसांत दरडावावे, अशी मनोमन प्रार्थना करीत उभा राहिलो. त्याने ती उजेडात धरली, उलटी करून बूड न्याहाळले, आणि किंचित हसून, दुकानदाराने बांधून दिली होती त्याहून नीट कागदात गुंडाळून माझ्या हाती ठेवली.