जमेच्या बाजूला दोन चमचे

नानाजींना वजाबाकी येत नाही असं म्हटलं तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयाचा अपमान होईल. तिथे त्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या हिशेबांवर आक्षेप काढण्यात घालवली. सरकारी जीप लिटरभर डिझेल जादा प्यायली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण स्वतःच्या ताटाशी बसले की हा माणूस फक्त जमा लिहितो. ताटातलं काही कमी करा म्हटलं की कपाळाला आठी. त्यात काही वाढवायचं असेल तर मात्र प्रस्ताव तत्काळ मंजूर. चियाशी त्यांचं जमलं ते यामुळेच.

निमित्त झालं रक्ततपासणीचं. डॉक्टरांनी मेटाबॉलिक सिंड्रोमची पाच कलमं समजावून सांगितली. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल ४०च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा पुढे, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. यांतली तीन भरली की माणूस सिंड्रोमात बसतो. नानाजींची चार भरली होती. साखर निघाली ९८.

"दोन मार्कांनी राहिलो," ते मला म्हणाले, आणि आवाजात खरोखरची हळहळ होती.

कमरेच्या कलमावर मात्र त्यांनी रीतसर हरकत घेतली. त्यांची पॅन्ट चौतीसची. ती चौतीसची असायचं कारण एवढंच की ते पट्टा पोटाच्या खालून बांधतात. मुख्य इमारत पट्ट्याच्या वर मोकळी उभी असते. डॉक्टरांनी टेप बेंबीवरून फिरवली आणि १०४ वाचलं. "मोजमापाची पद्धतच चुकीची आहे," नानाजी म्हणाले, "शिंपी तिथे मोजत नाही."

आता या पाच तक्रारी एकाच घरात नांदतात हे वैद्यकाला आधीपासून दिसत होतं, पण १९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी त्यामागचा धागा ठासून मांडला: शरीरात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. डॉक्टरांनी हे सोपं करून सांगताच नानाजींनी इन्सुलिनविषयी सहानुभूती व्यक्त केली. "आमच्या घरीही तसंच चालू आहे."

पुढे डॉक्टरांनी बराच वेळ खर्च केला. रोज अर्धा तास भरभर चाला, भात कमी, गोड बंद, मीठ हात राखून, वजन उतरवा. नानाजी मान डोलवत राहिले. उठता उठता डॉक्टर म्हणाले, "आणि जेवणात तंतू वाढवा. भाज्या, डाळी, जवस, चिया, काहीही." या सगळ्या भाषणातला तेवढा एकच शब्द मोदी नंबर तीन गल्लीतल्या जिन्यापर्यंत नानाजींबरोबर आला.

चियाची खरेदी बर्डीवरच्या एका सुक्या मेव्याच्या दुकानात झाली आणि तिचा मी साक्षीदार आहे. नानाजींनी चष्मा कपाळावर चढवला, चिमूटभर दाणे तळहातावर पसरले आणि विचारलं, "सब्जा तं नाही नं खपवून राहिला?"

"काकाजी, सब्जा काळाकुट्ट असते. हे पाहा, राखाडी, अंगावर नक्षी."

"पाणी आण."

सब्जा पाण्यात पडला की मिनिटा-दोन मिनिटांत फुगतो. चियाला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. दोन्ही तुळशीच्या गोतावळ्यातले, पण चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, त्याला घाई नाही. नानाजी स्टीलचा ग्लास मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. मेन रोडवरची शनिवारची गर्दी त्यांच्या गुडघ्यांना घासून जात होती. दाण्यांभोवती बुळबुळीत वलय धरलं, मग सगळं मिळून खळीसारखं घट्ट झालं. त्यांनी ग्लास तिरपा केला, आतला ऐवज आळसात सरकला, आणि नानाजींच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान पसरलं. शंभर ग्रॅम घेतला. "नमुना म्हणून," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी दोन चमचे. कोरडा खायचा नाही, हे ते भेटेल त्याला सांगतात. कारण अमेरिकेत एकानं चमचाभर कोरडा चिया गिळून वर पाणी प्यायलं, तो अन्ननलिकेतच फुगून बसला आणि डॉक्टरांना दुर्बीण घालून मोकळं करावं लागलं. २०१४ मध्ये तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत हे प्रकरण मांडलं गेलं. नानाजी ते इतकं रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याला आधी पाणी लागतं.

दाण्यात गुण आहेत, ते नाकारून चालणार नाही. वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे तंतू, शंभर ग्रॅममागे साधारण १८ ग्रॅम ओमेगा-३. पण दोन चमच्यांत सव्वाशेच्या आसपास कॅलरीही असतात, म्हणजे एका चांगल्या मोठ्या पोळीइतक्या. या कॅलरी नानाजी खर्चात दाखवत नाहीत. उलट, सकाळी चिया झाला की दिवसभराच्या उधळपट्टीला आगाऊ मंजुरी मिळाली असं ते धरतात. संत्रा बर्फी? "चिया झाला आहे." वडाभातावर तेलाची दुसरी धार? "सकाळी घेतला नं बाप्पा!"

वहिनींचं, म्हणजे नानाजींच्या पत्नीचं, म्हणणं वेगळंच. त्यांच्या फडताळात जवसाच्या चटणीची बरणी सासूबाईंच्या काळापासून भरलेली असते, आणि ओमेगा-३ जवसात चियाहून थोडं जास्तच. "जवसानं काय घोडं मारलं होतं?" त्या विचारतात. नानाजी उत्तर देत नाहीत. जवस घरचं, त्याच्यावर पाहुण्यासमोर काय बोलणार?

पुढे चियाही घरचाच निघाला. वहिनींचा भाऊ रिसोडकडे शेती करतो. वाशीम जिल्ह्यात अलीकडे रब्बीत चियाचा पेरा चांगलाच वाढला. आधी माल विकायला मध्य प्रदेशात नीमचपर्यंत न्यावा लागायचा, मग वाशीमच्या बाजार समितीतही खरेदी सुरू झाली. साळेबुवांनी पाच किलोचं पोतडं आणून दिलं. नानाजींनी विचारलं, हरभरा सोडून हे काहून? तो म्हणाला, "जनावराचा त्रास नाही, जावईबापू. रोही तोंड लावत नाही, डुकरं खात नाहीत." वहिनी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "हे खातात."

व्यायामाचं कलमही त्यांनी निकाली काढलं आहे. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर ते सरकत्या जिन्यानं वर जातात, उभ्यानं, आणि ती चढण धरतात. किल्ल्याची टेकडी चढण्याचा त्यांचा नेम मात्र पक्का आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात, लोकांसाठी उघडतो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. तेवढे तीन दिवस ते चुकवत नाहीत.

भाची आहारतज्ज्ञ आहे. तिनं एकदा टोरांटोचा जुना अभ्यास समजावून सांगितला. २० मधुमेहींना १२ आठवडे रोज साधारण ३७ ग्रॅम चिया दिला, वरचा रक्तदाब सहाएक अंकांनी उतरला. नानाजींनी टेबलावर थाप मारली. "पण मामा, त्यांची औषधं, पथ्यं सगळी चालू होती. आणि माणसं वीसच." इतरांच्या अभ्यासांत साखर, वजन यांचे निकाल कधी इकडे, कधी तिकडे आले आहेत, हेही तिनं सांगितलं. तोवर नानाजी उठून हात धुवायला गेले होते.

तीन महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. रक्तदाब उतरला. मधल्या काळात डॉक्टरांनी त्याची गोळी सुरू केली होती, पण श्रेय चियाला. कमर १०५. तो दोष टेपचा. साखर १०१. गोळी चालू असली तरी रक्तदाबाचं कलम धरलं जातंच, तेव्हा पाचही कलमं भरली. यावर काही बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानाजी म्हणाले, "मात्रा वाढवावी लागते वाटते."

मात्रा वाढली ती तर्री-पोह्यांच्या गाडीवर. नानाजी खिशातल्या डबीतून पोह्यांवर चिया भुरभुरायचे. गाडीवाला धंद्यातला माणूस, त्यानं आठवड्यात स्वतःच बरणी ठेवली. परवा तो म्हणाला, "चिया मारून देऊ, काकाजी? दहा रुपये एक्स्ट्रा."

नानाजींमधला लेखापरीक्षक खाडकन जागा झाला. "दहा कशाचे? किलोचा भाव काय, चमच्यात किती मावते, सांग बरं."

पाच मिनिटं घासाघीस होऊन पाच रुपयांवर तोडगा निघाला. लालभडक तर्री, त्यावर तरंगणारे करडे ठिपके, चमच्यानं नीट कालवून नानाजींनी प्लेट पुसून खाल्ली. मग ती रिकामी प्लेट पुढे केली.

"आणखी एक. बिना चियाची दे. पहिल्यातली शिल्लक आहे नं पोटात."