खिशाला टेस्टर

काही माणसं खिशाला पेन लावतात, आमचे काका टेस्टर लावतात. उभी हयात पाटबंधारे खात्यात मस्टर सांभाळण्यात गेली, पण निवृत्तीनंतर त्यांनी वीज हा विषय घेतला. पाणी काय, वीज काय, प्रवाह तो प्रवाहच, हे त्यांचं शास्त्र.

सोसायटीत कुणाची लाइट गेली की काका हजर. बोलवावं लागत नाही. पायात रबरी चप्पल, म्हणजे सुरक्षेची सगळी व्यवस्था झाली. दारातूनच निदान येतं, "लोड आलाय." बोर्ड बघायच्या आधी. बोर्ड बघितला की मत बदलतं असं नाही, फक्त आवाज चढतो.

या जुलैत आमच्या घरातली वीज सारखी जाऊ लागली. कधी भर दुपारी, कधी रात्री दोनला, सगळे गाढ झोपलेले असताना. काकांनी चौकशी सुरू केली. वायरींची नव्हे, माणसांची. "वहिनी, इस्त्री लावली होती?" आई म्हणाली, नाही. "मिक्सर?" नाही. "मग गीझर!" रात्री दोन वाजता गीझर कोण लावणार, पण काका असे बघत होते की आईलाच वाटायला लागलं, लावला असेल बाई. काकांच्या मते वीज आपणहून कधी जात नाही. घरातलं कुणीतरी घालवतं, आणि ते बहुतेक करून स्वयंपाकघरातलं असतं.

मग टेस्टर निघाला. बोर्डात घातल्यावर त्यातला दिवा लुकलुकला आणि काकांचा चेहरा उजळला. "फेज येतोय!" फेज येतोय हे शेजारच्यांच्या टीव्हीवरूनही कळत होतं. टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो, तो कुठे गळतोय हे सांगत नाही. पण काकांचा प्रश्न मुळात तो नव्हताच.

खरं तर बोर्ड स्वतःच बरंच सांगत होता. एमसीबीचे छोटे खटके सगळे जागच्या जागी होते, पडत होता तो शेजारचा रुंद आरसीसीबी. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो. आरसीसीबीला लोडशी घेणंदेणं नाही. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढाच त्याचा हिशेब, आणि घरगुती बोर्डात बहुधा तीस मिलिअँपिअरची तूट दिसली की तो पडतो. ती तूट म्हणजे करंट भिंतीतून, नळातून नाहीतर एखाद्या माणसातून जमिनीकडे चाललाय. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते अधूनमधून दाबून खटका पडतो ना, हे बघायचं असतं. काकांच्या मते ते बटण कंपनीवाल्यांसाठी असतं, आपण हात लावायचा नाही.

उपाय मात्र त्यांच्याकडे तयार. पहिला, खटका जोरात वर करा. दुसरा, सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा टाका. दोन हजार वॉटचा गीझर जेमतेम नऊ अँपिअर ओढतो, त्याला सोळा पुरून उरतात. बत्तीसचा टाकला तर वायर भिंतीत तापत राहील आणि खटका शांतपणे बघत बसेल. हे मी म्हटल्यावर काकांनी तिसरा काढला. "हा रुंद डबा आहे ना, तोच भानगड करतो. त्याला डायरेक्ट करून टाकू." आणि मग चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजच्या आठवणी निघाल्या. त्या काळी फ्यूज उडाला की काका त्यात तांब्याची चांगली जाड तार बांधत. "वीस वर्षं उडाला नाही!" उडणार कशाला? त्याला उडता येऊ नये अशीच सोय केली होती. काकांचं खरं वैर बिघाडाशी नाहीच, बिघाड झालाय असं सांगणाऱ्याशी आहे.

शेवटी आयटीआय झालेला एक पोरगा आला. त्याने लोडबिडचं काही विचारलं नाही. विचारलं, "पाऊस असताना पडतं का?" आई म्हणाली, "अरे हो की!" त्याने सगळे एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला आणि एकेक एमसीबी वर घेत गेला. हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम, सगळं ठीक. गॅलरीचा वर केला आणि धाड! सगळं बंद.

गॅलरीत ग्रिलला एक होल्डर बांधलेला होता. दिवाळीत आकाशकंदील उतरला, होल्डर तिथेच राहिला. बटण बंद होतं, पण ते फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं. म्हणजे बटण बंद असो की चालू, होल्डरपर्यंत फेज बारा महिने पोचलेला. वर पावसाचं पाणी, खाली ओलं लोखंड. आणि त्याच ग्रिलवर आईचे टॉवेल वाळत असतात. तो रुंद डबा डायरेक्ट केला असता तर काय झालं असतं, हा विचार आम्ही कुणी मोठ्याने बोललो नाही.

पोराने होल्डर सोडवत विचारलं, "हे काम कुणी केलंय?" वायरमन हा प्रश्न प्रत्येक घरात विचारतात, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. पण यावेळी उत्तर समोरच उभं होतं. काकांनी टेस्टर खिशाला लावला, ग्रिलबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "तेव्हा पाऊस असा तिरका येत नव्हता."

पोराने मागितलेले पैसे काकांना जास्त वाटले. नुसते खटके वर-खाली करायचे एवढे?

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होते, "पोरगा तासभर चाचपडत होता हो. मग मीच म्हटलं, बाबा रे, गॅलरीत बघ."